कॉफीला ‘नको’ म्हणणारा पाहुणा

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि कायम जोडीनं फिरणारी दोन पोरं. बेंगळुरूच्या बसमध्ये अशी जोडी दिसली, तर ते बहुधा मॉर्मन मिशनरी असतात. त्यातला एक मी होतो, दोन वर्षं. ‘तुम्ही दिवसभर करता तरी काय?’ असं मला आजही लोक विचारतात. आज त्याविषयीच बोलतो.

आधी हे मॉर्मन कोण ते सांगतो. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. त्याचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. बायबलबरोबर ‘बुक ऑफ मॉर्मन’ हाही आमचा धर्मग्रंथ, म्हणून लोकांनी ‘मॉर्मन’ हे नाव पाडलं. इतर अनेक ख्रिस्ती पंथांना आमची शिकवण मान्य नाही. आणि बहुपत्नीत्वाचं विचाराल, तर चर्चनं ते 1890 मध्येच सोडलं.

मराठी मुलखाशी या चर्चचा संबंध जुना आहे. ह्यू फिंडले नावाचे मिशनरी 1852 मध्ये मुंबईत आले, पुढे पुण्यात राहिले, मराठी शिकले. त्यांच्या हाताशी आले ते मोजकेच लोक, तेही बहुतेक युरोपीय. काही वर्षांत ते काम थांबलं. बेंगळुरूचं मिशन त्यामानानं अलीकडचं, 1993 सालचं. भारतातलं या चर्चचं पहिलं मंदिरही बेंगळुरूतच बांधायचं 2018 मध्ये जाहीर झालं आणि 2 डिसेंबर 2020 रोजी त्याच्या कामाला सुरुवात झाली.

आता दिनक्रम. मुलगे 18 व्या वर्षापासून जाऊ शकतात. मुलांसाठी मुदत 24 महिने, मुलींसाठी 18. पगार नाही, खर्च शक्य तितका स्वतःचा किंवा घरचा. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, प्रार्थना, मग आधी एकट्यानं आणि नंतर जोडीदाराबरोबर अभ्यास. दिवसभर लोकांना भेटायचं. रात्री साडेदहाला दिवा बंद. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट आणि क्रिकेट यांसाठी. घरी फोन आठवड्यातून एकदा. 2019 च्या आधी तोही वर्षातून फक्त दोनदा असायचा.

सगळ्यात अवघड नियम जोडीदाराचा. त्याला सोडून कुठेही जायचं नाही. माझा पहिला जोडीदार राजमहेंद्रीचा. तो तेलुगू, मी मराठी, दोघांचं इंग्रजी बेताचं आणि कन्नड त्याहून बेताचं. भात किती तिखट हवा यावरून भांडण झालं, तरी रात्री शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करायचीच. राग धरून ठेवायला एकांतच मिळत नाही. सहनशीलता शिकवणारी यापेक्षा कडक शाळा मी पाहिलेली नाही.

दुसरी परीक्षा कॉफीची. आमच्यात दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य. बेंगळुरूत मात्र कुणाच्या घरी गेलं की आधी ‘ऊट आय्ता?’, म्हणजे जेवण झालं का, आणि मागोमाग फिल्टर कॉफीचा पेला. नको म्हटलं की यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. ‘कॉफी बेड, नीरु साकु’, म्हणजे कॉफी नको, पाणी पुरे, हे मी कन्नडमध्ये शिकलेलं पहिलं वाक्य.

माझी आजी वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. आई-वडिलांनी हा पंथ धरला, आजीनं नाही. मी निघालो तेव्हा तिनं सरळ विचारलं, ‘लोकांना बाटवायला चाललास का रे?’

प्रश्न टोचला, पण गैर नव्हता. संविधानाचं 25 वं कलम धर्मप्रचाराचा हक्क देतं. पण प्रचार म्हणजे आपली तत्त्वं सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं. कर्नाटकात 2022 मध्ये यावर स्वतंत्र कायदाही आला. कायदा आपल्या जागी, पण रोज समोर माणूस बसलेला असतो. एक कॉलेजचा मुलगा दोन महिने आमच्याकडे येत होता. बाप्तिस्मा घ्यायचा म्हणाला, फक्त घरी कळू नये म्हणाला. आम्ही त्याला आधी आई-वडिलांशी बोलायला सांगितलं. तो बोलला आणि पुन्हा आला नाही. जोडीदार त्या रात्री जेवला नाही. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्याच्या आईला फसवून मला माझ्या आजीसमोर उभं राहता आलं नसतं.

श्रद्धेविषयी दोन वर्षांत मला एवढं कळलं. दुसऱ्याला पटवण्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे दिवस स्वतःला पटवण्याचे. साडेसहाला उठून प्रार्थना करावीशी वाटत नाही, तरी करायची. आजीला माझं चर्च पटलं नाही, पण कॉफीची गोष्ट लगेच कळली. ‘नेम आहे म्हण की,’ म्हणाली. एकादशी मोडू नये म्हणून तीही पाहुण्यांच्या घरून उपाशी उठलेली आहे.

तेव्हा अशी जोडी तुमच्या दारी आली, तर काय हवं ते बिनधास्त विचारा. ऐकायचं नसेल तर स्पष्ट ‘नको’ म्हणा. त्याची सवय असते, वाईट वाटून घेणार नाहीत. उन्हातान्हाचे आले असतील तर पाणी मात्र विचारा.