विद्यापीठाच्या अंगणात धर्मसंघाचे महाविद्यालय

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या धर्मनिरपेक्ष विद्यापीठाच्या अंगणात एखाद्या धर्मसंघाचे महाविद्यालय आपली ओळख राखून नांदू शकेल काय, हा प्रश्न जुनाच आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठ आणि तेथील सेंट मायकेल्स हे कॅथलिक महाविद्यालय यांनी त्याचे उत्तर 'संघ' या व्यवस्थेत शोधले.

फ्रान्समधून आलेल्या बॅझिलियन धर्मसंघाने १८५२ मध्ये हे महाविद्यालय सुरू केले. पुढच्याच वर्षी टोरांटो विद्यापीठाची रचना लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर करण्यात आली. विद्यापीठाने परीक्षा घ्याव्यात व पदव्या द्याव्यात, अध्यापन महाविद्यालयांनी करावे, असे तिचे सूत्र होते. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठही याच धर्तीचे. मुंबईत संलग्नतेची वाट रुळली. टोरांटोची वाट निराळी झाली ती प्रामुख्याने पैशामुळे.

ओंटारिओ प्रांताच्या सरकारने १८६८ मध्ये धर्मसंस्थांच्या महाविद्यालयांचे अनुदान बंद केले. त्यातच विज्ञानाचा पसारा वाढत होता आणि प्रयोगशाळा उभारणे लहान संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. सेंट मायकेल्स १८८१ मध्ये विद्यापीठाशी संलग्न झाले. त्यानंतर १८८७ च्या कायद्याने संघाची योजना मांडली व विषयांची वाटणी केली. ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन यांसारख्या भाषा आणि नीतिशास्त्र हे विषय महाविद्यालयांकडे आले. गणित व विज्ञाने विद्यापीठाकडे राहिली. विद्यार्थ्याने काव्य आपल्या महाविद्यालयात शिकावे, रसायनशास्त्रासाठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जावे आणि पदवी मात्र विद्यापीठाची घ्यावी, अशी ही सोय होती. मेथडिस्टांचे व्हिक्टोरिया १८९० मध्ये व अँग्लिकनांचे ट्रिनिटी १९०४ मध्ये संघात आले. सेंट मायकेल्सला कला शाखेचे संघबद्ध महाविद्यालय म्हणून पूर्ण स्थान १९१० मध्ये मिळाले.

खरी मेख तत्त्वज्ञानाची होती. हा विषय कोणत्या दृष्टीने शिकवावा, याविषयी कॅथलिक परंपरेचा स्वतःचा आग्रह असतो. म्हणून सेंट मायकेल्सने तो आपल्याकडेच शिकविला. या आग्रहातून संकुचितपणाच येईल, अशी शंका कोणासही यावी. पण १९२९ मध्ये एत्येन जिल्सन या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या पुढाकाराने येथे मध्ययुगीन अध्ययनाची संस्था उभी राहिली आणि ती या विषयातील विद्वानांचे मोठे केंद्र बनली. प्रसारमाध्यमांचे भाष्यकार मार्शल मॅक्लूहन १९४६ पासून याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते.

वाटणी कागदावर सोपी असली तरी एकच विषय अनेक ठिकाणी शिकविण्याचा खर्च वाढत गेला. १९७४ च्या करारानुसार महाविद्यालयांचे विषयविभाग विद्यापीठाच्या सामाईक विभागांत विलीन करण्यात आले. या करारात महाविद्यालयाने बरेच गमावले; कारण शिक्षक कोणी नेमावा, यावरच संस्थेचा पिंड ठरतो. मालमत्ता, वसतिगृहे, ग्रंथालय आणि धर्मशास्त्राचे अध्यापन मात्र त्याच्याकडेच राहिले. पुढे केल्टिक अध्ययन, ख्रिस्ती धर्म व संस्कृती असे नवे अभ्यासक्रमही त्याने उभे केले.

जेझुइटांनी १८६९ मध्ये स्थापलेले मुंबईचे सेंट झेवियर्स २०१० मध्ये स्वायत्त झाले. तेथे अभ्यासक्रम व परीक्षा महाविद्यालयाच्या हाती आल्या, पदवी मुंबई विद्यापीठाचीच राहिली. टोरांटोत वाटून घेतले गेले ते अध्यापन.