काळी वस्त्रे आणि कुलूपबंद पोथ्या

दिवाळीत निपाणीस पाहुणा म्हणून गेलो होतो. आपल्या कोल्हापुरातील कितीतरी जुन्या घराण्यांच्या लेकीबाळी निपाणी-बेळगावकडे नांदतात. आमची एक पुतणीही त्यांतलीच. तिच्या सासरचा वाडा जुना आहे. पुढे अंगण, आणि अंगणात दरवर्षी मुलांचा मातीचा किल्ला. यंदाही तो होताच. बुरूज होते, तळे होते, उतारावर अळीव उगवून आले होते आणि गडावर महाराज विराजमान झाले होते. मात्र ज्या पोराने गेली दहा वर्षे या किल्ल्याची किल्लेदारी सांभाळली, तो पुतणीचा थोरला काही दिसेना. तो आता बेळगावास शिकतो आणि सुट्टीत घरी येतो. विचारले तेव्हा कळले की स्वारी माडीवर आहे.

वर गेलो तर संगणकापुढे बैठक जमलेली. "बसा की ओ आजोबा," म्हणाला, "माझा किल्ला हिकडं हाय यंदा." पडद्यावर भला थोरला नकाशा होता. आयर्लंडपासून हिंदुस्थानापर्यंत मुलूख, आणि प्रत्येक मुलखावर कोणा ना कोणा राजाचे निशाण. 'क्रुसेडर किंग्ज'च्या दुसऱ्या भागाचा हा खेळ. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या कंपनीने तो २०१२ साली काढला आणि २०१४ साली त्यात आपला देशही आणला. मध्ययुगातले एखादे घराणे घ्यावयाचे, सोयरिकी जुळवावयाच्या, भाऊबंदकी निस्तरावयाची, पिढ्यान्‌पिढ्या राज्य टिकवावयाचे. एवढेच असते तर आमच्या पिढीला त्यात नवे काही वाटले नसते. भाऊबंदकीसाठी आम्हाला संगणक लागला नाही. पण २०१७ च्या मार्चमध्ये या खेळास एक पुरवणी जोडण्यात आली. तिच्यात साधूंचे मठ आले, किमयागारांची मंडळी आली, मारेकऱ्यांचा पंथ आला आणि सैतानाची उपासना करणाऱ्यांचे गुप्त संघही आले. पोरगा खेळत होता तो युरोपातला एक सरदार वरकरणी नित्य प्रार्थनेस जाई, आणि रात्री काळी कफनी घालून भलत्याच देवापुढे उभा राही. मंडळात चार पायऱ्या. कामगिरी पार पाडली की वरची पायरी मिळे, आणि पायरीबरोबर शाप देण्याचे, माणसे पळविण्याचे अधिकारही. पकडला गेला तर कैद आहे, जाळून मारणेही आहे.

खालून जेवणाची तिसरी हाक आली, तेव्हा चिरंजीव अगदी गरीब चेहरा करून म्हणाले की हाक ऐकूच आली नाही. आमची विहीणबाई, त्याची आजी, जिन्यातूनच म्हणाल्या, "मानभावीपणा बघा याचा!" हा शब्द लक्षात ठेवावा. त्याच्याशी पुढे काम आहे.

जेवताना पोराने विचारले, "आपल्याकडं बी असली गुप्त मंडळं होती का ओ आजोबा?" तेव्हा वेळ मारून नेली. कोल्हापूरच्या गाडीत बसल्यावर मात्र त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. त्याचेच हे उत्तर.

प्रथम खेळातल्याच मारेकऱ्यांचे घ्या. हसन इब्न सब्बाह याने १०९० साली इराणातला अलमूतचा गड घेतला. त्याचे अनुयायी म्हणजे निजारी इस्माइली. शत्रूच्या सुलतानांपुढे त्यांची फौज तोकडी, म्हणून निवडक माणसे टिपून मारण्याचा मार्ग त्यांनी पत्करला, हे खरेच आहे. परंतु गडावरची नंदनवनासारखी बाग, तेथील सुंदऱ्या, गुंगीचे पेय पाजून तयार केलेले तरुण, ही सारी नक्षी परक्यांनी काढलेली. मार्को पोलोने ती जगभर पोचविली. १२५६ साली मंगोलांनी अलमूत घेतले, तेव्हा हुलागूच्या पदरचा इतिहासकार जुवैनी गडावरच्या ग्रंथालयात शिरला. कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ आणि ज्योतिषाची उपकरणे त्याने बाजूला काढली. बाकीचा संग्रह पाखंडी ठरवून जाळला. हे तो स्वतःच लिहितो. मग त्याच पंथाची हकीकत जगाने कोणाच्या तोंडून ऐकली, तर या जुवैनीच्या! ज्याने पोथ्या जाळल्या त्याचीच पोथी प्रमाण. आता गंमत पाहा. त्या अलमूतच्या इमामांची गादी पुढे चालत आली, एकोणिसाव्या शतकात मुंबईस आली, आणि तिच्या तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली पुण्याजवळ एक वाडा बांधला. बेचाळीसच्या लढ्यात गांधीजींना जेथे स्थानबद्ध केले होते तोच हा आगाखान पॅलेस. पुण्यास गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे. 'मारेकऱ्यांच्या' गादीचे ते घर होते, हे कितीजणांच्या ध्यानात आले असेल?

आता घराजवळ येऊ. पोराच्या नकाशावर १०६६ साल निवडले की आपला सारा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली दिसतो. सौंदत्तीचे रट्ट, कोल्हापूर-पन्हाळ्याचे शिलाहार, हळशीशी नाते सांगणारे गोव्याचे कदंब, ही त्या काळची इकडची घराणी. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या अमलातली. याच काळात कर्नाटकात कालामुख नावाच्या शैव आचार्यांची मोठी चलती होती. नावावरूनच अंगावर काटा यावा! कपाळी काळी रेघ ओढीत म्हणून हे नाव, असे सांगतात. त्यांच्याविषयी श्रीरामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात लिहून ठेवले आहे की हे लोक कवटीत अन्न खातात, प्रेताची राख अंगास फासतात व ती खातातही, हाती सोटा बाळगतात, मद्याचा कुंभ मांडून त्यात देवाची पूजा करतात. पोराच्या खेळातील सैतानी मंडळास याहून अधिक सामग्री लागत नाही.

पण कालामुखांचे स्वतःचे म्हणणे जाळायला कोणी जुवैनी आला नाही, कारण ते दगडावर होते. शिमोगा जिल्ह्यात शिकारीपूर तालुक्यात बळ्ळिगावी म्हणून गाव आहे. (आपली बेळगावी ती ही नव्हे. नावाच्या सारखेपणाने भल्याभल्यांचा घोटाळा होतो, म्हणून सांगितले.) तेथील केदारेश्वराच्या देवळास लागून कालामुखांचा कोडियमठ होता. बिज्जल कलचुरीच्या वेळच्या ११६२ सालच्या शिलालेखात त्या मठाचे वर्णन आहे. चार वेद तेथे सांगोपांग शिकविले जात. पाणिनीसह निरनिराळी व्याकरणे, षड्दर्शने, पुराणे, काव्यनाटके, यांचे अध्ययन चाले. जैन क्षपणक असो, एकदंडी वा त्रिदंडी संन्यासी असो, तेथे आला की त्याची अन्नाची सोय होई. दीनदुबळे, आंधळे, पांगळे, बहिरे यांस अन्न मिळे, आजाऱ्यांस औषध मिळे, आणि भ्यालेल्या कोणाही जीवास तेथे अभय असे. कवटी नाही, मद्याचा कुंभ नाही. डेव्हिड लॉरेन्झेन या अभ्यासकाने १९७२ साली कापालिक व कालामुख यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्याने असे लेख चाळून मत दिले की कापालिकांचे आचार कालामुखांच्या माथी मारले गेले असावेत. शिलालेखात मठाची स्तुतीच असणार हे मान्य केले, तरी आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालणारा मठ आणि प्रेतभस्म खाणारी टोळी यांत अंतर फार आहे.

येथवर उत्तर सोपे होते. वैऱ्याने लिहिले, जगाने मानले. पण पोराने विचारले होते गुप्त मंडळाचे, आणि कालामुख काही गुप्त नव्हते. भर रस्त्यावर त्यांची देवळे होती. खरोखर ज्यांनी आपल्या पोथ्यांना कुलूप घातले असे मध्ययुगातले एक मंडळ आपल्याच मराठीत होऊन गेले. होऊन गेले का म्हणावे, ते आजही आहे. महानुभाव पंथ.

श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकातले, देवगिरीच्या यादवांच्या वेळचे. जातिपातीचा बाऊ न करता, स्त्रियांना बरोबरीने शिष्यत्व देऊन ते गावोगाव हिंडले. ते उत्तरेकडे गेल्यावर म्हाइंभट या विद्वान शिष्याने १२७८ च्या सुमारास त्यांच्या आठवणी जमविल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे स्वतः जाऊन विचारावे, दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही टिपून ठेवावा, अशी त्याची शिस्त. त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ. पंथाचे आचार्य नागदेव यांचा भाषेविषयी मोठा कटाक्ष होता. केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा त्यांनी अडविले. संस्कृतात लिहिल्याने माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, असा त्या सांगण्याचा आशय होता. ज्ञानेश्वरीच्याही आधीच्या काळात म्हाताऱ्या बायकांसाठी ग्रंथाची भाषा ठरविणारा हा आचार्य! मला वाटते, मराठीवर याहून मोठे उपकार फार थोड्यांचे असतील.

आणि मग तेच ग्रंथ कुलुपात गेले. अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली व ते आठवणीतून पुन्हा लिहावे लागले, अशी पंथात परंपरा आहे. चौदाव्या शतकात रवळो व्यास यांनी सकळ लिपी सिद्ध केली. एका अक्षरासाठी दुसरेच अक्षर लिहावयाचे. ज्याला किल्ली ठाऊक त्याला पोथी वाचता यावी, इतरांच्या डोळ्यांपुढे नुसती निरर्थक अक्षरे. पुढे सुंदरी लिपी, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखीही निघाल्या. ग्रंथ पवित्र, तो अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नये, भ्रष्ट होऊ नये, हा हेतू. या पोथ्या महानुभावांबरोबर पंजाबात गेल्या, पेशावर-काबुलपर्यंतच्या मठांत पोचल्या, आणि तेथे मराठी टिकून राहिली. पण खुद्द महाराष्ट्रात शेजारच्या घरातल्या माणसास त्यांत काय आहे हे ठाऊक नव्हते.

मग शेजाऱ्याने काय केले? जे दिसत होते त्यावरून कल्पना केली. वस्त्रे काळी, गावच्या देवास भजत नाहीत, पोथी वाचता येत नाही, तेव्हा काहीतरी काळेबेरे असणारच. 'महानुभाव'चा झाला 'मानभाव'. 'बोलणी मानभावाची आणि करणी कसाबाची' ही म्हण आली. वरून साळसूद आणि आतून लबाड अशा माणसास आपण 'मानभावी' म्हणू लागलो, आणि ते इतके अंगवळणी पडले की त्या शब्दामागे जिवंत माणसांचा एक पंथ उभा आहे हेही विसरलो. अलमूतचे ग्रंथ शत्रूने जाळले. येथे ग्रंथ सुखरूप होते, पण बोलू शकत नव्हते, आणि ते गप्प असताना बदनामी मात्र पाच-सहाशे वर्षे चालू राहिली. महानुभावांचा दोष यात मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या बायांसाठी मराठीत लिहावयाचे आणि मग त्या मराठीवर दुसऱ्या लिपीचे झाकण ठेवावयाचे, ही गोष्ट मला कोडे वाटत आली आहे. पण ज्याच्यावर दगड पडतात त्याने दार का लावले, हे आतल्या ओसरीवर बसून विचारणेही बरे नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुलूप निघाले. पंथातील काही महंतांनी विश्वासाने पोथ्या दाखविल्या. इतिहासाचार्य राजवाडे, 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे, पुढे वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी त्या वाचल्या व लोकांपुढे ठेवल्या. कोलत्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली निघाले. आता तर पंथाच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या क्षेत्री मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे.

त्या गुप्त पोथीत होते तरी काय? मंत्र, तंत्र, जारणमारण? होते ते असे. स्वामी कोणत्या गावी उतरले, कोणाच्या घरी काय जेवले, कोण रुसले, कोणाची समजूत कशी काढली. आंधळ्यांनी हत्ती चाचपून पाहिल्याचा दृष्टांत. आणि मुलांना सांगितलेली एक गोष्ट. एका पाखराचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले. होय, तीच. निपाणीच्या वाड्यात, कोल्हापूरच्या पेठांत, बेळगावच्या गल्ल्यांत आज्यांनी नातवंडांना भरविताना जी हजारो वेळा सांगितली ती काऊ-चिऊची गोष्ट. ज्यांना आपण मानभावी म्हणत आलो त्यांच्याच कुलूपबंद पोथीत तिची सातशे वर्षांची नोंद जपून ठेवलेली होती.

घरी आल्यावर हे सारे सांगावे म्हणून निपाणीस फोन लावला. पोरगा सुट्टी संपवून बेळगावास परतला होता. फोनवर विहीणबाई आल्या. त्यांनाच सगळे सांगितले. चिऊचे घर कोणाच्या पोथीत आहे ते सांगितले, आणि त्या शब्दाचेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

"बरं," म्हणाल्या, "मग त्याला आता लबाड म्हणत जाईन. चालेल न्हवं?"