नवं पिस्तूल अडकतं तेव्हा : बिघाडाचं कारण शोधायचं कसं?

बिघाड थांबला म्हणजे कारण सापडलं, असं नसतं. संशोधनाला लागण्याआधी एवढं पक्कं डोक्यात बसवा. आज त्यासाठी उदाहरण घेऊ नेमबाजीचं.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. या प्रकारात .२२ बोअरचं अर्धस्वयंचलित पिस्तूल असतं. गोळी सुटली की धक्क्याने आतला सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते. तोच भाग पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. नव्या पिस्तुलात काडतूस बहुतेक इथेच अडकतं.

संशयित चार. मॅगझिन : स्प्रिंग कमजोर किंवा वरची कड वाकलेली. काडतूस : जोर कमी पडला तर सरकता भाग पुरता मागे जात नाही. पिस्तूल : भाग अजून घट्ट. आणि चौथा, नेमबाजाचा हात. आपल्याकडे तिफणीच्या नळ्यातून दाणे पडेनासे झाले तर नळ्यात माती बसली की चाड्यावरची मूठ चुकली, हे आधी बघतात ना? तसंच हे.

पहिली पायरी : हात लावू नका. स्पर्धेत पिस्तूल अडकलं तर नेमबाजाने नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा, पिस्तुलाशी खटपट करायची नाही. पंच तपासतात. दोष यंत्राचा निघाला तर मालिका पूर्ण करायची संधी मिळते; मॅगझिन नीट बसवलंच नव्हतं, असं निघालं तर उरलेल्या गोळ्या गेल्या. खटपट केली की पुरावाच मोडतो. प्रयोगशाळेतही आधी नोंद, मग दुरुस्ती.

दुसरी : सगळं एकदम बदलू नका. तेल घातलं, मॅगझिन बदललं, काडतुसंही दुसरी आणली आणि पिस्तूल चाललं. कशामुळे? सांगता येणार नाही. "दोनशे गोळ्यांत पिस्तूल रुळतं" म्हणतात. पण तेवढ्यात हातही रुळतो! त्याऐवजी दोन मॅगझिनवर अ आणि ब लिहा, काडतुसं दोन प्रकारची घ्या. चार जोड्या होतात. प्रत्येकीच्या ५० गोळ्या, मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकासमोर. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर शेवटच्या जोडीला रुळलेल्या पिस्तुलाचा फायदा मिळेल. दोन्ही काडतुसांबरोबर 'अ'च अडकलं तर संशय मॅगझिनवर. एकाच जोडीत अडकलं तर दोघांचं एकमेकांशी जमत नसावं.

तिसरी : किती वेळा तपासलं? समजा, पिस्तूल ५० गोळ्यांमागे सरासरी एकदा अडकतं. अशा पिस्तुलातून १० गोळ्या सुरळीत सुटण्याची शक्यता ८२ टक्के! म्हणजे दहा गोळ्यांची चाचणी काहीच सिद्ध करत नाही. सलग १५० सुटल्या तर मात्र जवळपास ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं, की बिघाडाचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत आहे. हिशेब सोपा : एकही बिघाड दिसला नाही तर ३ ला चाचण्यांच्या संख्येने भागा. ती झाली बिघाडाची वरची मर्यादा.

तुमच्या विषयात पिस्तूल नसेल. सेन्सर असेल, प्रश्नावली असेल, बियाण्याची उगवण असेल. गाइडने "आता कसं काय चालायला लागलं?" विचारलं, की उत्तर वहीत सापडलं पाहिजे : काय बदललं, कधी बदललं, किती वेळा तपासलं. हे तीन रकाने आजच आखून ठेवा.