‘दृक्प्रत्यय’ ही संज्ञा आणि बूदँच्या गाई

‘इंप्रेशनिझम’ या चित्रसंप्रदायास मराठीत ‘दृक्प्रत्ययवाद’ असे नाव रूढ आहे. हे मूळ शब्दाचे भाषांतर नव्हे. ‘इंप्रेशन’ म्हणजे मुळात दाबून उमटविलेला ठसा. २५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसच्या ‘ल शारिव्हारी’ या पत्रात लुई लरवा याने क्लोद मोनेच्या एका चित्राच्या नावावरून या मंडळींस ‘इंप्रेशनिस्ट’ असे उपहासाने संबोधिले. चित्रे अर्धवट राहिली आहेत, असा त्याचा रोख होता. मराठी संज्ञेत ठसा नाही व उपहासही नाही. तिने डोळ्यास येणारा प्रत्यय तेवढा पुढे आणला. हा अर्थबदल योग्य झाला काय, याचा निर्णय व्युत्पत्तीने होणार नाही. चित्रांपाशीच जावयास हवे.

त्याच १८७४ च्या प्रदर्शनात यूजीन बूदँ (१८२४–१८९८) याचीही चित्रे होती. नॉर्मंडीतील तूक नदीकाठच्या कुरणांत पाण्याशी आलेली गुरे त्याने पुनःपुन्हा रंगविली. त्याच्या मृत्यूनंतर १९०० साली त्याच्या भावाने ल आव्र येथील संग्रहालयास जी चित्रे दिली, त्यांत गाईंची अभ्यासचित्रे बरीच आहेत. १८६१ च्या सुमारास हाच बूदँ त्र्वायाँ या नामांकित पशुचित्रकाराच्या चित्रांतील आकाशे रंगवून देत असे. दोघांची गुरे मात्र अगदी निराळी आहेत.

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी ‘शब्द म्हणजे काय’ हे सांगताना गाईचेच उदाहरण घेतले आहे. गळ्याची पोळी, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगे असलेल्या वस्तूचा बोध ज्याच्या उच्चाराने होतो, तो शब्द. त्र्वायाँचे १८५५ चे नांगरास निघालेले बैल या यादीशी ताडून पाहता येतील (वशिंड अर्थातच वगळून, ते युरोपीय गुरांस नसते). बूदँच्या कित्येक अभ्यासचित्रांत ताडण्याजोगे काही हातीच लागत नाही. एक तांबूस पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगाचा फटकारा, खाली ओलसर हिरवा. खूर नाहीत, पोळी नाही. तरीही ती गाय आहे, याविषयी क्षणभरही संदेह उरत नाही.

नैयायिकांनी प्रत्यक्षाचे निर्विकल्पक व सविकल्पक असे दोन प्रकार मानिले: नामजातीविरहित ज्ञान ते पहिले, ‘ही गाय’ असे ज्ञान ते दुसरे. बूदँचा कुंचला या दोहोंच्या सीमेवर थांबतो आणि ‘गाय’ हा शब्द पाहणाऱ्याने उच्चारावा, यासाठी जागा ठेवितो. लरवास जी अपूर्णता दिसली ती हीच. ‘प्रत्यय’ हा शब्द येथे ‘ठसा’ या शब्दाहून अधिक समर्पक आहे, असे माझे मत आहे. ठशात पाहणाऱ्याकडे काही काम उरत नाही.

माझा आक्षेप आहे तो ‘दृक्’ या पूर्वपदास. बूदँच्या आकाशाच्या अभ्यासचित्रांवर दिनांक व वेळ यांबरोबर वाऱ्याचीही नोंद असते, हे बोदलेअरने १८५९ मध्येच टिपले होते. वारा डोळ्यास दिसत नाही.