वीस गुंठ्यांचा हिशेब

रमजान आता सुगीत येतो. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हा महिना दरसाल मागे सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या त्याची गाठ रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याशी पडते. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात सहेरी आटोपली की माणसं ऊन चढायच्या आत रानात जातात आणि दुपारच्या नमाजच्या सुमारास परततात. गावात गडबड कमीच असते. बरीच घरं दिवाळीपासून उसाच्या फडावर गेलेली, दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं.

अशा वेळी जकातीचा हिशेब निघतो. शेतकऱ्याच्या घरात त्याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे उश्र. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि विहिरीचं पाणी ओढून, कष्ट-खर्च करून भिजवलेल्या पिकाचा विसावा हिस्सा गोरगरिबांसाठी काढायचा. भारतातल्या जमिनीला उश्र लागू होतो की नाही यावर उलमांचे मतभेद आहेत, तरी पायली-दोन पायली धान्य बाजूला काढणारी घरं आहेत. नियमामागचा विचार कुठल्याही शेतकऱ्याला पटेल असा आहे. पाणी आभाळाचं, तर देणं जास्त; पाणी घामाचं, तर देणं कमी.

हा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरातही एक हिशेब मात्र सहसा निघत नाही. बहिणीचा.

समजा, बाप वारला. मागे चार एकर कोरडवाहू रान, म्हणजे एकशे साठ गुंठे. घरात आई, तीन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली एक बहीण. इस्लामी वारसा-नियमानुसार आधी दफनविधीचा खर्च, मग बापाचं कर्ज फेडायचं. आईचा मेहर दिलेला नसेल तर तोही कर्जातच धरायचा. मृत्युपत्र केलेलं असेल तर ते जास्तीत जास्त एक-तृतीयांशापुरतं चालतं. हे सगळं होऊन रान तसंच उरलं, तर आईचा आठवा हिस्सा म्हणजे वीस गुंठे. उरलेल्या एकशे चाळीसात मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात प्रत्येक भावाला चाळीस आणि बहिणीला वीस. कुरआनच्या ‘निसा’ या सूरहमध्ये ही वाटणी आली आहे. मालमत्ता थोडी असो वा फार, बाईचा हिस्सा ठरलेला आहे, हेही तिथंच स्पष्ट केलं आहे.

मुलीला निम्मंच का, यावर वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत. पण गावातला प्रश्न त्याच्या बराच अलीकडचा आहे. ते निम्मं तरी मिळतं का?

शेजारच्या हिंदू घरातही याहून वेगळं चित्र नाही. तेच चार एकर बापानं स्वतः घेतलेले असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आई, तीन भाऊ आणि बहीण यांना प्रत्येकी बत्तीस गुंठे येतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. त्या वेळी बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. एकीचे कागदावर वीस गुंठे, दुसरीचे बत्तीस. हाती मात्र बहुधा दोघींच्या साडी-चोळीच. वारस, हक्क, दस्त, तहसील हे शब्द जसे दोन्ही घरांत सारखे, तशीच ही रीतही सारखी.

रीत चालते ती हक्कसोडपत्रावर. वारसनोंद लागताना बहिणीचं नाव लागतं. मग एक दिवस तिला ‘जरा सही करायला’ तालुक्याला बोलावतात. कारणं पाठ झालेली असतात. लग्नात खर्च केला. रानाचे तुकडे होतील. सोसायटीचं कर्ज काढायला सगळ्यांच्या सह्या कुठून आणायच्या? आणि कुणी बोलत नाही ते खरं कारण म्हणजे माहेर तुटेल. सासरी काही बिनसलं तर परतायला दार उघडं राहावं, म्हणून ती अर्धा एकर रान देऊन टाकते. दाराची ही किंमत जरा जास्तच आहे.

तुकड्यांचं कारण अगदीच खोटं नाही. वीस गुंठे कोरडवाहू रानात बैलजोडी वळवायची कशी, हा प्रश्न आहेच. पण हिस्सा देणं म्हणजे मधोमध बांध घालणं, एवढा एकच अर्थ होत नाही. भावानं रान कसावं आणि बहिणीला बटाईचा वाटा द्यावा, नाहीतर चालू भावानं रक्कम द्यावी, तीही दोन-तीन सुगींच्या हप्त्यांत. बाहेरच्या माणसाशी शेतकरी असे व्यवहार रोज करतो.

शेतकरी मुसलमानांची मोठी वस्ती असलेल्या जावा बेटावर हाच प्रश्न कसा सोडवतात, ते पाहण्यासारखं आहे. तिथं भाताची खाचरं इतकी लहान की चकलांब्याचा अल्पभूधारकही तिथं ऐसपैस वाटावा. जावाच्या खेड्यांत वाटणीची एक जुनी म्हण आहे. पुरुष कावडीनं ओझं नेतो, म्हणजे दोन पारडी. बाई पाठीवर नेते, म्हणजे एक. दोनास एक हे प्रमाण ते असं सांगतात. पण कित्येक घरांत प्रत्यक्षात मुला-मुलींना सारखंच वाटून देण्याची चाल आहे. इंडोनेशियाच्या धार्मिक न्यायालयांसाठी १९९१ साली इस्लामी कायद्याची जी संहिता झाली, तिनं दोनास एक हे प्रमाण कायम ठेवलं, शिवाय वारसांना आपसांत वेगळी वाटणी ठरवायची मुभाही दिली. अट एकच: आपला हिस्सा किती, हे प्रत्येकाला आधी कळलेलं असलं पाहिजे. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रात नेमकी हीच पायरी गळते. बहिणीनं सोडलं, हे खरं. काय सोडलं, ते तिला कुणी गुंठ्यांत सांगितलेलं नसतं.

जावाची दुसरी चाल तर बीड जिल्ह्यानं विशेष ऐकावी. लग्नानंतर नवरा-बायकोनं मिळून कमावलेलं ते दोघांचं, असं तिथं मानतात. त्याला ‘गोनो-गिनी’ म्हणतात. घटस्फोट झाला वा एक जण गेला, तर आधी ही वाटणी होते आणि उरलेल्याला वारसा लागतो. इथं ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीची, मोळ्या बांधून डोक्यावर वाहणं बाईचं. त्या पैशातून एकरभर रान घेतलं, तर सातबारावर नाव बहुधा एकाचंच लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून बायकोच्या नावे जमीन करण्याची हाक दिली, तेव्हा कित्येक गावांत शेतकऱ्यांनी ती केलीही. कायद्याचा धाक नसताना हे घडलं होतं.

ईदला बहिणी माहेरी येतात. फितरा कुणाच्या हाती द्यायचा, जकातीतली साडी कुणाला, यावर घरात चर्चा होते. कधी कधी गरीब बहिणीलाच जकात देऊन भाऊ पुण्य जोडतो. तिचे वीस गुंठे त्याच्या ताब्यात असतील तर ते आधी देण्याचं देणं आहे, दान नंतर.

वारसाचा फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ही नोटीस लग्न झालेल्या बहिणीच्या नावानं पुष्कळदा माहेरच्या पत्त्यावर येते आणि भावाच्या घरात फळीवर पडून राहते. ती बहिणीपर्यंत पोचवायला चकलांब्याहून सासरच्या गावापर्यंत एसटीचं एक तिकीट लागतं.