लिलाव संपतो, कॅटलॉग उरतो

(सेवाग्राम येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला बापूंचा चष्मा, घड्याळ, चपला लिलावात गेल्या, अठरा लाख डॉलरला. हे सेवाग्रामात सांगायला नको. रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण जाणता संग्राहक आधी विचारतो, ही वस्तू कोणाकडून कोणाकडे आली आणि ते कुठे लिहिलंय? जुन्या नाण्यांच्या बाबतीत याचं उत्तर पुष्कळदा लिलावाच्या कॅटलॉगमध्येच मिळतं. म्हणून काही जण नाण्यांऐवजी कॅटलॉगच जमवतात.

त्यात असतं काय? लॉट क्रमांक, टांकसाळ, वर्ष, धातू, वजन, अंदाजे किंमत, कधी आधीच्या मालकाचं नाव. पूर्वी नाण्याचा प्लास्टरमध्ये ठसा घेऊन त्याचा फोटो छापत. त्या पानांना प्लेट म्हणतात. जुना कॅटलॉग घेताना प्लेटा शाबूत आहेत ना, हे आधी पाहायचं. विक्रीनंतरची भावांची सुटी यादी सोबत असेल तर उत्तम. समासात कोणी पेन्सिलीने भाव किंवा खरेदीदाराचं नाव लिहिलं असेल, तर ते खोडू नका. तो पुरावा आहे. लिलाव झाला की बहुतेक प्रती रद्दीत जातात. दुर्मीळपणा येतो तो यातूनच.

आता उपयोग पाहू. शिवरायांचा सोन्याचा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. मागणी मोठी, म्हणून नकलाही फार. हाताने ठोकलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. समोरच्या होनावर आणि जुन्या प्लेटवरच्या होनावर तीच चीर, तोच ओरखडा दिसला, तर एक तर ते तेच नाणं, नाहीतर त्यावरून ओतलेली नक्कल. मग वजन ताडून बघायचं.

कधी कधी तर कागदच उरतो. जहांगीरची हजार तोळ्यांची, म्हणजे सुमारे १२ किलोची सोन्याची मोहोर १९८७ मध्ये जिनिव्हाला लिलावात आली, विकली गेली नाही, आणि नंतर जाहीरपणे दिसलीच नाही. अभ्यासकांच्या हाती राहिली ती कॅटलॉगमधली छायाचित्रं.

पण कॅटलॉगची मर्यादाही ओळखा. १९३९ मध्ये आपल्याच विदर्भात, तऱ्हाळ्याला सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी एकत्र सापडली. वा. वि. मिराशींनी ती अभ्यासली आणि कुंभ, कर्ण, शक सातकर्णी अशी पुराणांत नसलेली राजांची नावं पुढे आली. तोच साठा फुटून शंभर लॉटांत विखुरला असता, तर कुठलं नाणं कोणाच्या शेजारी सापडलं, हे कुठलाही कॅटलॉग सांगू शकला नसता.

म्हणून शेतात नांगराला हंडा लागला, तर कलेक्टर कचेरीत कळवा. १८७८ चा कायदाही तेच सांगतो. आणि रद्दीवाल्याकडे जुना कॅटलॉग दिसला, तर तो मात्र जरूर घरी आणा.