खेळण्यातले इंजिन अंगणात उतरवताना

घरामागच्या बागेत, झुडपांच्या आणि कुंड्यांच्या मधून रूळ टाकून त्यावर हातभर लांबीची गाडी चालवायची, हा मूळचा जर्मनी-ब्रिटनमधला छंद. त्यासाठी बनवलेली तयार इंजिने महाग असतात. त्यामुळे तिथल्या खटपट्या मंडळींनी फार पूर्वीच दुसरी वाट शोधली. जुन्या बाजारातून प्लास्टिकची खेळण्यातली आगगाडी आणायची, पोट फाडायचे आणि आत नवी मोटर, बॅटरी, रिमोट बसवून तिला बागेच्या लायक करायचे. या कामात वीजजोडणी अवघड वाटते, पण ती त्यातली सोपी बाजू. खेळणे हलके आणि सुसाट बनवलेले असते, तर बागेतले इंजिन जड आणि सावकाश हवे. खरी मेहनत या उलट्या प्रवासात आहे.

आधी मोजपट्टी

1968 साली न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीने एलजीबी या नावाने उन्हापावसात टिकणाऱ्या मोठ्या आगगाड्या बाजारात आणल्या. दोन रुळांमधले अंतर 45 मिलिमीटर, प्रमाण 1:22.5. म्हणजे मीटर गेजची गाडी साडेबावीस पट लहान केलेली. 45 मिलिमीटरचे अंतर त्याआधीही ‘वन गेज’ म्हणून रूढ होते आणि त्यावर 1:32 प्रमाणात ब्रॉडगेजपेक्षा थोड्या अरुंद, 1435 मिलिमीटरच्या युरोपीय मार्गावरच्या गाड्या धावत. एकाच रुळावर दोन प्रमाणे नांदतात, हे नवख्याला गोंधळात टाकते. खटपट्याला मात्र ते सोयीचे, कारण रूळ एकच लागतो.

प्लेमोबिलच्या सुरुवातीच्या आगगाड्या आणि न्यू ब्राइटचे बॅटरीवरचे संच याच 45 मिलिमीटरच्या रुळावर बसतात, म्हणून त्यांना या छंदात मागणी असते. पण सगळ्या मोठ्या दिसणाऱ्या गाड्या तशा नसतात. काहींची चाके 50 मिलिमीटरच्या आसपासच्या स्वतःच्याच प्लास्टिक रुळासाठी केलेली असतात. तेव्हा विकत घेण्याआधी व्हर्नियर लावून बघावे. जोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर सुमारे 40 मिलिमीटर भरले, तर गाडी 45च्या रुळावर चालेल.

ब्रिटनमध्ये 32 मिलिमीटरचा रूळही तितकाच लोकप्रिय आहे. त्यावर 1:19 प्रमाणात दोन फुटी गेजच्या गाड्या चालवतात. नेरळ-माथेरानचा मार्ग 610 मिलिमीटरचा. त्याला 19ने भागले की 32च येतात. कोणाच्या मनात अंगणातले माथेरान असेल, तर त्याने 45च्या नादी न लागता इकडे वळावे.

रुळातून वीज का नको

घरातल्या मॉडेल रेल्वेत वीज रुळांतून येते आणि चाकांमार्फत मोटरपर्यंत पोहोचते. बागेत ही व्यवस्था सारखी रुसते. पितळी रुळावर हवेने काळपट थर चढतो, त्यावर दव, माती आणि पानांचा चीक साचतो. सांधे सैल झाले की लांबच्या टोकाला व्होल्टेज पडते. मग गाडी चालवण्याआधी रोज रूळ घासत बसायचे.

बॅटरी इंजिनातच ठेवली की रूळ फक्त वाट दाखवतो. तो स्वस्त ॲल्युमिनियमचा चालतो, प्लास्टिकचाही चालतो. आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट दिशेने परत आणायची असेल, तर रुळातल्या विजेत तिथे शॉर्टसर्किट होते आणि वेगळी जोडणी करावी लागते. बॅटरीवर हा प्रश्नच उरत नाही.

मूळची गाडी रुळातल्या विजेवर चालणारी असेल, तर चाकांकडून मोटरकडे येणाऱ्या दोन्ही तारा कापाव्यात. एक जरी तशीच राहिली, तरी घोळाला वाव राहतो. दोन्ही राहिल्या तर आपली बॅटरी रुळांत वीज सोडू लागते, आणि त्याच रुळावर कोणी पॉवरपॅक लावला तर काय होईल ते सांगायला नको.

वेगाचे गणित

माथेरानची गाडी घाटात फार तर ताशी 20 किलोमीटरने चालते. 1:22.5 प्रमाणात तो वेग सेकंदाला सुमारे 25 सेंटिमीटर होतो. खेळणे सहज 60 सेंटिमीटरने पळते, म्हणजे खऱ्या हिशेबाने ताशी 48 किलोमीटर. डोळ्याला ते लगेच खोटे वाटते, आणि वळणावर गाडी उलटते ती वेगळीच.

व्होल्टेज कमी करून वेग उतरवता येतो, पण मग मोटरचा जोरही जातो. गाडी सपाटीवर रांगते आणि जरासा चढ लागला की थांबते. वेग कमी करायचा तो गिअरने.

आपल्याकडे यासाठी हाताशी असलेली वस्तू म्हणजे इंजिनीअरिंगची मुले रोबोटला लावतात ती पिवळी बीओ मोटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ ती कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. 6 व्होल्टवर मिनिटाला 200 फेऱ्यांची मोटर घेतली आणि चाक 35 मिलिमीटर व्यासाचे असले, तर एका फेरीत 11 सेंटिमीटर अंतर कापले जाते. सेकंदाला साधारण 36 सेंटिमीटर. भार आला की हा आकडा पंचविशीकडे उतरतो. हवा तोच वेग!

एक पथ्य मात्र पाळावे. या मोटरचे गिअर आणि दांडा प्लास्टिकचे असतात, त्यामुळे इंजिनाचे ओझे दांड्यावर टाकू नये. चाकांचा आस पितळी बुशमध्ये फिरू द्यावा, वजन चौकटीने पेलावे आणि मोटरने छोट्या गिअरमार्फत आसाला फक्त फिरवावे. घाईत मोटरच्या दांड्यावर थेट चाक ठोकलेली इंजिने फार दिवस टिकत नाहीत.

वजन

हलके इंजिन डबे जोडताच चिखलात रुतलेल्या एसटीसारखे जागच्या जागी चाके फिरवते. साधारण हिशेब असा, की चालत्या चाकांवर जेवढे वजन असेल, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी ओढ मिळते. 700 ग्रॅमचे इंजिन 140 ग्रॅम ओढेल. आता डब्यांसह गाडी 2 किलोची धरा. माथेरानसारखा 20ला 1 चढ असेल, तर नुसत्या चढापायी 100 ग्रॅम लागतात, आणि आसांच्या घर्षणाला आणखी 50. इंजिन घसरणार. त्यातच 800 ग्रॅम शिसे भरले, की ओढ 300 ग्रॅमवर जाते आणि वाढलेल्या वजनासकट गरज 210 ग्रॅमची राहते. गाडी चढते.

शिसे नसेल तर लोखंडी नटबोल्ट चालतात. कोकणात मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, त्या बारीक कोपऱ्यांत छान बसतात. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ते मुलांच्या हाती लागणार नाही असे चिकटवून बंद करावे. वजन चालत्या चाकांवरच टाकावे. पुढच्या मोकळ्या चाकांवर ठेवलेले वजन नुसते ओझे. आणि भरायचे म्हणून भरतच जाऊ नये. गाडी कुठे अडली तर चाक घसरले पाहिजे. चाक घसरण्याआधी मोटर अडकू लागली, तर ती जळते. इंजिन हाताने धरून, मोटर चालू करून हे आधीच तपासता येते.

बॅटरी

18 मिलिमीटर जाडीचे, 65 मिलिमीटर लांबीचे लिथियम-आयन सेल आता सगळीकडे मिळतात. दोन सेल ओळीने जोडले की 7.4 व्होल्ट मिळतात. बीओ मोटरला तेवढे जास्त होतात, म्हणून कंट्रोलरमधूनच वरची मर्यादा घालावी. मूळ एलजीबी इंजिन असेल तर चार सेल, म्हणजे 14.8 व्होल्ट. त्याची मोटर याहून जास्त व्होल्टेजची सवय असलेली, त्यामुळे इंजिन सावकाश चालेल, आणि आपल्याला तेच हवे आहे. 2500 मिलिअँपिअर-तासांचे सेल असतील आणि मोटर अर्धा अँपिअर घेत असेल, तर कागदावर पाच तास होतात, हातात तीन-चार पडतात.

बीएमएस नावाची संरक्षक पट्टी लावल्याशिवाय लिथियम सेल वापरू नयेत. भरताना सेल 4.2 व्होल्टच्या वर जाणार नाही आणि वापरताना फार खाली उतरणार नाही, हे ती बघते. धन टोकाच्या अगदी जवळ 2-3 अँपिअरचा फ्यूज हवा. सेलवर थेट डाग देणे धोक्याचे; पट्ट्या लावलेले सेल घ्यावेत किंवा होल्डर वापरावा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल फुकट मिळतात म्हणून मुलांच्या इंजिनात घालू नयेत, असे माझे मत आहे. ज्यांना ही सगळी काळजी नको, त्यांनी 1.2 व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत. ते जड असतात, पण इथे जडपणा कामाचाच.

हातातला ताबा

मोटारगाडीच्या रिमोटची काडी सोडली की ती मध्यावर येते आणि गाडी थांबते. आगगाडीला फिरवून तिथेच राहील असे बटण हवे. थोडेफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर ईएसपी-32 पाटी आणि मोबाइल पुरतो. मोटर ड्रायव्हर मात्र विचारून घ्यावा. दुकानदार सवयीने एल-298 पुढे करतो. त्यात दीड-दोन व्होल्ट उष्णता होऊन वाया जातात. टीबी-6612 लहान असतो आणि तापतही कमी. मोटरच्या दोन टोकांमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकावा, नाहीतर तिच्या ठिणग्यांमुळे रेडिओ बिचकतो. अँटेना शिशाखाली दाबू नये.

टप आणि पावसाळा

खेळण्याचा भडक रंग खरवडून त्यावर चकाकी नसलेला काळा किंवा विटकरी रंग दिला, की निम्मे काम झाले. चिमणी, बफर, कोळशाचा ढीग हे भाग थ्रीडी प्रिंटरवर करायचे असतील तर पीएलए टाळावे. ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि वैशाखातल्या उन्हात काळा टप तिथवर सहज तापतो. पीईटीजी किंवा एएसए घ्यावे.

चालू-बंद बटण आणि चार्जिंगचे भोक कोळशाच्या ढिगाखाली लपवता येते, पण टप न काढता हात पोहोचेल असे. पावसात इंजिन चालवू नये. जूनमध्ये गाडी आत घेताना बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवून इंजिनातून काढावी, सुक्या जागी ठेवावी आणि सप्टेंबरमध्ये लावण्याआधी प्रत्येक सेलचे व्होल्टेज मीटरने बघून घ्यावे.